चूक एकच, प्रती तीन

रॉबर्ट गॅलगर नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी १९६० साली एमआयटीत डॉक्टरेटचा प्रबंध दिला. त्यात एक तक्ता होता. १५ ओळी, २० स्तंभ, आत नुसते शून्य आणि एक. प्रत्येक ओळीत चारच एक, प्रत्येक स्तंभात तीनच, बाकी सगळं शून्यांचं माळरान. असले तक्ते कसे मांडावेत आणि वाटेत बिघडलेला निरोप त्यांच्या जोरावर पलीकडे कसा दुरुस्त करून घ्यावा, हा प्रबंधाचा विषय. गॅलगरसाहेब त्याआधी एकदा बीड जिल्ह्यातल्या आमच्या केजकडे येऊन, एखाद्या कचेरीत वारसनोंदीचा अर्ज देऊन बाकावर बसले असते, तर त्यांचे पुष्कळ कष्ट वाचले असते. चुकीचं काय करायचं, हे शास्त्र आमच्याकडे कधीचंच पूर्णत्वाला गेलेलं आहे. त्यांचं शास्त्र चूक काढून टाकतं. आमचं तिला नोकरीत कायम करतं.

प्रस्तुत लेख या दुसऱ्या शास्त्राच्या गौरवार्थ आहे. कोणती कचेरी, असं कृपया विचारू नये. गुण सगळीकडे सारखेच असताना एकीचंच नाव घेणं म्हणजे बाकीच्यांवर अन्याय.

आधी परक्यांची बाजू सांगतो, म्हणजे एकतर्फी लिहिलं असं कोणी म्हणायला नको.

तिकडच्या शास्त्राचा उगमच मुळी उतावळेपणात आहे. रिचर्ड हॅमिंग हे बेल लॅबमधले गणिती. १९४७ च्या सुमारास तिथलं रिलेंचं अवजड गणकयंत्र त्यांना शनिवार-रविवारी वापरायला मिळे. हिशेबात चूक झाली की ती यंत्राला कळायची. एरवी ते घंटा वाजवून माणसाला बोलवायचं. सुट्टीच्या दिवशी माणूस नसायचा, म्हणून हातातलं काम टाकून पुढचं घ्यायचं. हॅमिंग सोमवारी आले, काम टाकलेलं. पुढच्या सोमवारी आले, पुन्हा टाकलेलं. एवढ्यावर ते चिडले. चूक झाली हे यंत्राला कळतं, तर कुठे झाली तेही का कळू नये आणि त्यानेच ती का सुधारू नये, असा हट्ट धरून बसले आणि १९५० साली त्याचं उत्तर छापूनही मोकळे झाले. दोन सोमवार! आमच्याकडे दोन सोमवारांत साहेब मीटिंगला गेलेत की दौऱ्यावर, एवढंसुद्धा नक्की कळत नाही. तरी माणूस चिडत नाही. 'बरं, येतो मग बेस्तरवारी' म्हणतो आणि एसटी धरतो. अशी रयत लाभल्यावर संशोधन करायचं कोणी आणि कशाला?

हॅमिंगचा उपाय मात्र बघण्यासारखा आहे. समजा, एका अर्जावर सात चौकटी आहेत. प्रत्येकीत बरोबरची खूण तरी आहे किंवा ती मोकळी तरी आहे. चौकटींना १ ते ७ आकडे द्या. ३, ५, ६ आणि ७ या अर्जदाराच्या. १, २ आणि ४ या तीन तपासनिसांच्या. पहिला तपासनीस १, ३, ५, ७ एवढ्याच बघतो. दुसरा २, ३, ६, ७. तिसरा ४, ५, ६, ७. आपल्या वाट्याच्या चौकटींतल्या खुणा सम भरल्या पाहिजेत, एवढाच प्रत्येकाचा आग्रह. भरत नसतील तर त्याने स्वतःच्या चौकटीत एक खूण करून ताळा जमवायचा आणि अर्ज वाटेला लावायचा. वाटेत सहाव्या चौकटीवर चहा सांडला, खूण पुसली गेली. पलीकडे तिघे पुन्हा मोजायला बसतात. पहिल्याचा ताळा जमतो, तो गप्प. दुसऱ्याचा जमत नाही. तिसऱ्याचा जमत नाही. दुसऱ्याची चौकट २, तिसऱ्याची ४. दोन आणि चार सहा. सहावी चौकट उलटी करा. झालं.

कोणी काय तपासायचं याचं हे जे वाटप आहे, त्यालाच ते लोक पॅरिटी-चेक मॅट्रिक्स म्हणतात. एक ओळ म्हणजे एक तपासनीस, एक स्तंभ म्हणजे एक चौकट. जिथे एक आहे ती चौकट त्याची. जिथे शून्य, तिकडे त्याने ढुंकूनही बघायचं नाही.

आता यातल्या उणिवा बघा. अर्जदाराला बोलावलं नाही. मूळ प्रत मागितली नाही. अर्ज त्रुटीत काढला नाही. तिघांपैकी एकालाही खरी खूण काय होती हे माहीत नव्हतं, आणि तरीही तिघांनी मिळून ती परत आणली. कोणाच्या सहीला मान नाही, कोणाला श्रेय नाही, आणि मुख्य म्हणजे माणसामाणसाची गाठच पडत नाही. आमच्याकडे एका वेलांटीपायी माणूस सहा कार्यालयं हिंडतो, चाळीस माणसांना भेटतो, चहा पाजतो, त्यांच्या लेकरांच्या लग्नाला जातो. वेलांटी तिथेच राहते, पण नाती जुळतात.

आमची पद्धत अशी. पहिला माणूस मूळ कागद बघतो, किंवा बघितल्यासारखं करतो, आणि लिहितो: 'खात्री करून सादर.' दुसरा कागद बघत नाही, पहिल्याची सही बघतो आणि लिहितो: 'वरीलप्रमाणे, मान्यतेस्तव.' तिसरा दुसऱ्याची सही बघतो. चौथ्याच्या टेबलावर फाइल येते तेव्हा तिच्यावर तीन सह्या असतात. तीन जबाबदार माणसं एकदम चुकतील कशी, म्हणून तोही करतो. पुढे चौकशी लागलीच, तर पहिला सांगतो की वर तिघांनी पाहिलेलं आहे. हॅमिंगच्या तक्त्यात मांडायचं तर आमच्या प्रत्येक ओळीत एकच 'एक' आहे, आणि तोही चौकटीवर नाही, आधीच्या ओळीवर आहे. इतका विरळ तक्ता गॅलगर यांनाही सुचला नव्हता.

शिवाय प्रती तीन. ही प्रथा कोणी पाडली ठाऊक नाही, पण झेरॉक्सवाल्यांच्या दोन पिढ्या तिच्यावर शिकल्या. तीच गोष्ट तीनदा पाठवणं हा चूक सुधारण्याचा सगळ्यात बाळबोध मार्ग, असं तिकडची पुस्तकं म्हणतात. तीन निरोप वेगवेगळे बिघडतात आणि पलीकडे बहुमत घेता येतं: दोन म्हणतात हो, एक म्हणतो नाही, तर हो. यात बहुमत फुटायची भीती राहतेच. आमच्याकडे ती ठेवलेली नाही. मूळ कागदावर ज्ञानोबाचं ज्ञानोना झालं, की त्याच कागदाच्या तीन झेरॉक्स निघतात, तिन्ही साक्षांकित होतात, आणि ज्ञानोनाच्या बाजूने तीन विरुद्ध शून्य असा निकाल लागतो. झेरॉक्सचं मशीन प्रामाणिक असतं. त्याने आजवर एकही चूक गाळलेली नाही.

गॅलगर यांनी हॅमिंगच्या पुढे जाऊन आणखी एक वेडेपणा केला. तपासनीस आणि चौकटी यांनी एकमेकांना निरोप पाठवत राहावं, असं त्यांनी सुचवलं. तपासनीस चौकटीला कळवतो: बाकीच्यांकडे बघता तुझ्यात खूण असावी असं वाटतं. चौकट आपल्या दुसऱ्या तपासनिसांना कळवते: मला असं असं सांगण्यात आलंय. दहा-वीस फेऱ्या झाल्या की बहुतेक वेळा सगळ्यांचं एकमत होतं आणि ते खरं निघतं. पण यात एक पथ्य आहे. ज्याला निरोप द्यायचा, त्याने स्वतः जे सांगितलं होतं ते हिशेबातून वगळून द्यायचं. त्याचंच त्याला ऐकवायचं नाही.

हे पथ्य केजच्या बसस्थानकासमोर एक दिवसही टिकायचं नाही. सकाळी हॉटेलात कोणीतरी म्हणतं, 'पीकविमा जमा झाला म्हणं.' ऐकणारा चौकात सांगतो. चौकातला कृषी सेवा केंद्रात सांगतो. दुपारी बातमी फिरून पहिल्याच माणसाकडे येते, आणि तो पासबुक घेऊन बँकेच्या रांगेत उभा राहतो. कारण आता चार ठिकाणांहून खात्री झालेली असते. तिकडचे लोक या प्रकाराला वर्तुळ म्हणतात आणि त्याला फार भितात. सगळ्यात लहान, चार टप्प्यांचं वर्तुळ तर त्यांना विषासारखं: दोन तपासनिसांच्या वाट्याला जर त्याच दोन चौकटी आल्या, तर एकाची शंका दुसऱ्याकडून त्याच्याच पुराव्यासारखी परत येते, आणि दोघे मिळून चुकीवर ठाम होतात. म्हणून कुठल्याही दोन ओळींत एकापेक्षा जास्त चौकट सामाईक नसावी, असा त्यांचा दंडक. आमच्याकडे खालचा वरच्याचा अभिप्राय मागवतो, वरचा खालच्याचा अहवाल मागवतो. दोघांपुढे तीच दोन पानं असतात, आणि दोन्ही कागद एकमेकांना जोडले की पुरावा पूर्ण होतो. त्यांना जे टाळायला गणित लागतं, ते आम्ही टाचणीने साधतो.

टाळायला लागणारं गणित कसलं, तेही सांगून टाकतो. हजारो ओळींचा तक्ता हवा तसा ठिपके टाकून भरला तर तो उत्तम काम करतो, पण लक्षात ठेवायचा कोणी? म्हणून त्याला शिस्त लावतात. एक लहान तक्ता घ्यायचा आणि त्याच्या घरांत आकडे लिहायचे. प्रत्येक आकड्याच्या जागी एक चौकोनी ठोकळा बसतो. त्यात एकांची तिरकी रांग, आणि ती रांग तेवढी घरं उजवीकडे सरकवलेली. शेवटाला गेलेले एक फिरून सुरुवातीला येतात. मोठा तक्ता मग साठवावाच लागत नाही, आकडे पाठ असले की पुरे. चार टप्प्यांचं वर्तुळ आहे का, हेही आकड्यांवरूनच कळतं. ठोकळा ७ चा आहे असं धरा. वरच्या ओळीत १ आणि ३, खालच्या ओळीत २ आणि ४. आता कोपऱ्यांवरून फिरा: १ वजा ३, अधिक ४, वजा २. शून्य आलं, वर्तुळ अडकलं. ४ च्या जागी ५ लिहा. एक उरतो, वर्तुळ सुटलं.

आणि आकडे निवडायचे कसे? एक जुनी युक्ती म्हणजे चक्क पाढे. ओळीचा क्रमांक गुणिले स्तंभाचा क्रमांक, सातने भागून उरेल ती बाकी. कोपऱ्यांवरून फिरल्यावर जे उरतं ते दोन ओळींमधला फरक गुणिले दोन स्तंभांमधला फरक. सात ही मूळ संख्या असल्यामुळे सातपेक्षा लहान दोन संख्यांचा गुणाकार तिने निःशेष भागला जात नाही, म्हणून वर्तुळ कधीच होत नाही. सातऐवजी सहा घेतला की दोन त्रिक सहा, आणि सगळं मुसळ केरात. ज्या पिढीने पावकी, निमकी आणि दिडकी छडीच्या धाकाने घोकली, तिला हे पाच मिनिटांत समजलं असतं. पण ती पिढी घोकलेलं सगळं व्याजाच्या हिशेबाला लावून निवृत्त झाली, हे एका अर्थी बरंच झालं.

या पापात एक मराठी माणूसही सामील आहे, हे लपवून उपयोग नाही. शरच्चंद्र शंकर श्रीखंडे. जन्म १९१७ चा, सागरचा, शिक्षण नागपूरला, पुढे मुंबई विद्यापीठात गणिताचे विभागप्रमुख. थोर गणिती ऑयलर यांनी १७८२ साली लॅटिन चौरसांबद्दल एक अंदाज लिहून ठेवला होता: १० बाय १०, १४ बाय १४ अशा मापांच्या चौरसांची एक विशिष्ट जोडी जमणारच नाही. केवढी सुरेख चूक! पार १७७ वर्षं तिला कोणी धक्का लावला नाही. आमच्याकडच्या एखाद्या फेरफारालाही हेवा वाटावा असं आयुष्य. १९५९ साली श्रीखंडे, त्यांचे गुरू राजचंद्र बोस आणि अर्नेस्ट पार्कर या तिघांनी ती खोडून काढली, आणि न्यूयॉर्क टाइम्सने पहिल्या पानावर बातमी दिली. त्याच वर्षी बोस आणि श्रीखंडे यांनी चूक सुधारणाऱ्या संकेतांच्या रचनेवरही एक निबंध लिहिला. डिशवरच्या टीव्हीपर्यंत पोचलेल्या बीसीएच संकेतांतला 'बी' म्हणजे हेच बोस. लॅटिन चौरस, आणि कुठल्याही दोन गटांत एकच गोष्ट सामाईक येईल अशा वाटण्या, हे श्रीखंडे यांचं आयुष्यभराचं काम. शिस्तीतले पॅरिटी-चेक मॅट्रिक्स मांडणाऱ्यांनी नंतर याच वाटण्या उचलल्या, कारण वर्तुळ टाळायला नेमकं तेच हवं असतं. २०२० च्या एप्रिलमध्ये, वयाच्या १०२ व्या वर्षी श्रीखंडे गेले. आपल्याकडे त्यांच्या नावाचा चौक फारसा कुठे दिसत नाही, हे योग्यच आहे. चुका खोडणाऱ्याला चौक द्यायला लागलो तर चौकशीवाल्यांनी काय करायचं?

गॅलगर यांच्याबाबतीत अमेरिकेने थोडा समंजसपणा दाखवला होता. १९६३ साली त्यांचं पुस्तक निघालं आणि पुढची तीस वर्षं त्याच्याकडे जवळजवळ कोणी पाहिलं नाही. एवढ्या फेऱ्या मारणारं यंत्र त्या काळी परवडणारं नव्हतं. तीस वर्षं म्हणजे आमच्या हिशेबात एखादी साधी वाटणी. पण सुरुवात म्हणून वाईट नव्हती. नव्वदच्या दशकाच्या मध्याला डेव्हिड मॅके आणि रॅडफर्ड नील यांनी तो विषय उकरून काढला आणि मग कोणाला धीर राहिला नाही. क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली सांगून ठेवलं होतं की गोंगाटातून निरोप न बिघडता न्यायची एक अंतिम मर्यादा असते. २००१ साली चार संशोधकांनी कागदावरच्या हिशेबात त्या मर्यादेच्या ०.००४५ डेसिबल अलीकडे जाऊन दाखवलं. उरलेलं ०.००४५ का सोडलं, ते त्यांचं त्यांना माहीत.

त्याचा परिणाम आज केजच्या बाजारात उभं राहिलं की दिसतो. पाल ठोकून भाजी विकायला बसलेला गडी मोबाइलवर कुस्ती बघत असतो. तो फोन फाइव्ह-जीवर असेल, तर त्या कुस्तीच्या मागे एक तक्ता चालू असतो: ४६ ओळी, ६८ स्तंभ. घरं ३,१२८, त्यांतली भरलेली फक्त ३१६. एकेका घराच्या जागी जास्तीत जास्त ३८४ चा ठोकळा बसतो, म्हणजे १७,६६४ तपासनीस २६,११२ बिटांवर बसवलेले, आणि सगळे डोळ्याचं पातं लवायच्या आत आपलं काम उरकून पुढच्या कामाला तयार. यातल्या एकालाही प्रवासभत्ता नाही. संघटना नाही. दुपारचं जेवण नाही. कल्याणकारी राज्यात असली पिळवणूक चालू आहे आणि कोणी तारांकित प्रश्न विचारत नाही.

त्याच बाजारात चहाच्या टपरीवर क्यूआर कोड चिकटवलेला असतो. कढईच्या धुराने काळवंडलेला, एका कोपऱ्यात फाटलेला, वर भज्याच्या तेलाचा अंगठा. तरी पैसे बरोबर माणसाच्या खात्यात जातात. १९६० सालच्या रीड आणि सॉलोमन यांच्या संकेतावर तो उभा आहे. त्याच्या सगळ्यात दणकट प्रकारात सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी चालतं. कागद असा असतो का? आमच्याकडे शिक्का जरा फिकट उमटला की अख्खा अर्ज परत, आणि मजकूर अख्खा चुकला तरी शिक्का ठसठशीत असेल तर मंजूर.

आधार कार्डाच्या रचनेत मात्र दोन्ही शास्त्रांचा सुंदर समझोता दिसतो. बारा आकड्यांतला शेवटचा आकडा हा ताळ्याचा आकडा असतो. व्हेरहूफ नावाच्या डच गणितीची १९६९ ची पद्धत. एक आकडा चुकला, किंवा शेजारचे दोन आकडे उलटसुलट पडले, तर संगणक उंबऱ्यावरूनच परत पाठवतो. नावाला असला पहारेकरी ठेवलेला नाही. त्यामुळे चुकांना आकड्यांत जागा मिळत नाही आणि त्या सगळ्या नावात राहायला येतात. काना, मात्रा, वडिलांचं नाव, आडनाव, गावाचं नाव, जिथे जागा मिळेल तिथे. गावाचंच घ्या: केज हे इंग्रजीत दोन तऱ्हेने लिहिलं जातं, आणि दोन्हींची माणसं गुण्यागोविंदाने नांदतात.

आता एक जुनी चूक कबूल करायला हवी. आमची नव्हे, दप्तर घालून देणाऱ्यांची. त्यांनी जमिनीच्या कागदांत दुहेरी ताळा ठेवून दिला होता. गटाचं एकूण क्षेत्र आकारबंदात. त्या गटात कोणाचं किती, ते सातबाऱ्यावर. एका खातेदाराचं सगळ्या गटांत मिळून किती, ते आठ-अवर. म्हणजे गट या ओळी झाल्या आणि खातेदार हे स्तंभ. आडव्या बेरजेचा ताळा एकीकडे, उभ्या बेरजेचा दुसरीकडे. समजा, गट २ हेक्टर ४० आरचा. थोरल्याचं १ हेक्टर ४० आर, धाकट्याचं १ हेक्टर. लिहिताना कोणी थोरल्याचं १.४० च्या जागी १.०४ लिहिलं. आडवी बेरीज ३६ आरने तुटली. थोरल्याची आठ-अवरची उभी बेरीजही बरोबर ३६ आरने तुटली. तुटलेली ओळ आणि तुटलेला स्तंभ जिथे एकमेकांना छेदतात, तिथे बोट ठेवा. चूकही सापडते आणि खरा आकडाही. हा हॅमिंगच्या जातीचाच संकेत झाला, आणि तो वहीत, बोरूने चालत होता. एवढं हत्यार गावागावांत पोचलं होतं. वेळीच सावरलं म्हणून बरं.

सावरलं ते असं. आठ-अ आता संगणकावर सातबाऱ्याच्याच नोंदींतून निघतो. सातबाऱ्यावर १.०४ असेल तर आठ-असुद्धा ते १.०४ धरूनच बेरीज करतो, आणि दोन्ही कागद एकमेकांशी तंतोतंत जुळतात. गॅलगर आणि मंडळी निरोप निघायच्या आधी ताळा काढतात. आम्ही आधी चूक होऊ देतो, मग तिचा ताळा काढतो. एवढा क्रम बदलला की दप्तर आयुष्यात कधी विसंगत दिसत नाही. उरला आकारबंद. तो भूमी अभिलेख खात्याकडे, सातबारा महसूल खात्याकडे. आणि शेतकऱ्याकडे ३६ आर कमी, म्हणजे एकराला जेमतेम साडेचार आर कमी.

कायद्याने या व्यवस्थेला थोडा त्रास देऊन ठेवला आहे, हे खरं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम १५५, लेखनप्रमादाची दुरुस्ती. पण कलमापर्यंत जायची वाट आमच्या शास्त्राने आखलेली आहे. अर्जदाराने जुना हातचा सातबारा आणावा, फेरफाराची नक्कल आणावी, आणि शक्य असेल तर १९५४ चं खासरा पत्रक. निरोप बिघडला अशी तक्रार असेल, तर मूळ निरोप घेऊन या. तुमच्याकडे तो शाबूत असल्याची आमची खात्री पटली की आमच्याकडचा दुरुस्त करू. ही अट बेल लॅबमध्ये कोणालाच सुचली नाही. सुचती तर पॅरिटी-चेक मॅट्रिक्स मांडायची वेळच आली नसती.

दिवाळीनंतर तर या शास्त्राला बहर येतो. ऊसतोडीच्या टोळ्या उचल घेऊन निघालेल्या असतात. कोयता, भांडी, लेकरं ट्रॅक्टरवर लादून कोणी सांगली-कोल्हापूरकडे, कोणी कर्नाटकात. घराला कुलूप, दारात म्हातारी. नेमकी याच दिवसांत फेरफाराची नोटीस निघते. हरकतीला पंधरा दिवस. हरकत घेणारा बेळगावकडच्या फडात मोळ्या बांधत असतो. सोळाव्या दिवशी नोंद होते: 'मुदतीत हरकत प्राप्त नाही, सबब प्रमाणित.' पीटर इलियास नावाच्या संशोधकाने १९५५ साली हरवलेल्या बिटांचं एक स्वतंत्र प्रकरण मांडलं. जे पोचलंच नाही त्याला शून्यही धरू नका आणि एकही धरू नका, त्याची जागा मोकळी ठेवा आणि बाकीच्यांवरून ते काढा, असं त्याचं म्हणणं. इलियासला ऊसतोडीचा हंगाम माहीत नव्हता. आमच्याकडे जे पोचलं नाही ते होकारार्थी धरतात, आणि मार्चात टोळी परतते तेव्हा त्याची नक्कल रीतसर फी भरून मिळते.

इतकं होऊनही एखाद्या आबांचं नाव एका कागदावर ज्ञानोबा, दुसऱ्यावर ज्ञानदेव आणि बँकेत ज्ञानू असं निघालंच, तर शेवटचा उपाय कचेरीबाहेर लिंबाखाली टेबल टाकून बसलेला असतो. बॉण्ड रायटर. तो स्टँप पेपरवर टाइप करून देतो की वरील तिन्ही नावं एकाच इसमाची आहेत. हॅमिंगच्या त्या सात चौकटींत कुठल्याही दोन खऱ्या अर्जांत निदान तीन ठिकाणी फरक असतो. त्या अंतरामुळेच चूक ओळखू येते, आणि चांगला संकेत म्हणजे हे अंतर वाढवण्याची धडपड. आमचं प्रतिज्ञापत्र ते अंतर एका फटक्यात शून्यावर आणतं. ज्ञानोबाही बरोबर, ज्ञानदेवही बरोबर, ज्ञानूही बरोबर, आणि उद्या कोणी ज्ञानेश टाइप केलं तर त्याचंही प्रतिज्ञापत्र होईल. चूक करायला जागाच उरत नाही.

कागद टाइपरायटरमधून ओढून काढत बॉण्ड रायटर म्हणाला, "आबा, खाली सही करा."

"कोणत्या नावानं करू, लेकरा?"

त्याने कागद पुन्हा वरपासून वाचला, डोकं खाजवलं आणि शाईचं पॅड पुढे सरकवलं. "अंगठाच लावा. मशिनवर उमटत नसंल तुमचा कोयत्यानं झिजलेला, पण हितं कोण ताडून बघतंय."